पावणेबारापर्यंत

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सेल्कर्क पर्वतरांगेत रॉजर्स पास नावाची खिंड आहे. उंची साधारण 1,330 मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढीच. पण महाबळेश्वरला जितका पाऊस कोसळतो, तितक्याच हट्टाने इथे बर्फ कोसळतो. शनिवार, 1 फेब्रुवारी 2003 रोजी सकाळी पावणेबारा वाजता या खिंडीजवळच्या एका दरीत 17 जणांच्या अंगावर हिमलोट आला. त्यांतली 14 दहावीची मुलं होती, शाळेच्या सहलीला आलेली, स्की लावून डोंगर चढायला शिकणारी. 7 मुलं गेली.

पावणेबाराला काय झालं ते लिहायला चार ओळी पुरतात. पावणेबारा वाजायला किती वेळ लागला, ते सांगायला जास्त जागा लागते.

93 वर्षं आधी

ही खिंड माणसाला माहीत झाली ती रेल्वेमुळे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचे रूळ 1885 मध्ये इथून गेले, आणि पहिल्याच हिवाळ्यापासून हिमलोटांनी ते उखडायला सुरुवात केली. पुढच्या पंचवीस-सव्वीस वर्षांत या मार्गावर 200 हून अधिक माणसं बर्फाखाली गेली.

सगळ्यात वाईट रात्र 4 मार्च 1910 ची. चीऑप्स नावाच्या डोंगरावरून लोट आला आणि रूळ बुजले. इजिप्तमधल्या पिरॅमिडसारखा दिसतो म्हणून डोंगराला हे नाव. मजूर फावडी घेऊन बर्फ उपसायला लागले. मध्यरात्रीच्या थोडं आधी दुसरा लोट आला तो समोरच्या डोंगरावरून, जिकडे कुणाचं लक्ष नव्हतं तिकडून. 58 माणसं मेली, त्यांत 32 जपानी मजूर होते. त्यानंतर रेल्वेने शहाणपणा केला. डोंगराखालून बोगदा खणला आणि 1916 पासून गाड्या जमिनीखालून जाऊ लागल्या. त्या बोगद्याचं नाव कॉनॉट. महामार्ग 1962 मध्ये आला तेव्हा वेगळा उपाय निघाला: सैन्याच्या 105 मिलिमीटरच्या तोफा. हिवाळाभर उतारांवर गोळे डागायचे, बर्फ फार साचायच्या आत पाडायचा, तोवर वाहतूक थांबवायची.

म्हणजे या खिंडीत बोगद्यातल्या गाडीला डोंगराचं छत आहे आणि महामार्गावरच्या ट्रकला तोफांची राखण आहे. रस्ता सोडून स्कीवर आत जाणाऱ्याला यातलं काहीही नाही. त्याच्याकडे फक्त त्याचा अंदाज.

अडीच महिने आधी

2002 चा नोव्हेंबर. हिवाळ्याचा पहिला बर्फ पडला आणि त्यावर पाऊस झाला, तोही बराच वरपर्यंत. मग थंडी आली आणि ओल्या बर्फावर कडक पापुद्रा धरला. नंतर बरेच दिवस हवा कोरडी राहिली. अशा वेळी पापुद्र्यालगतच्या बर्फाचे कण बदलतात. एकमेकांना धरून राहणारा मऊ बर्फ दाणेदार साखरेसारखा सुटा होतो, मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही.

घरात फरशी बसवताना खाली सिमेंटऐवजी साखर पसरली तर काय होईल? सपाट जमिनीवर काहीच नाही. फरशी वर्षानुवर्षं बसून राहील. पण तीच फरशी 35 अंशांच्या उतारावर, साखरेवर, तीही दर आठवड्याला एक थर जाड होत जाणारी! स्कीवाल्यांना मारणारे बहुतेक हिमलोट याच जातीचे असतात. त्यांत वरचा भुसभुशीत बर्फ नुसता घसरत नाही. अख्खी लादी एकसंध सुटते, आणि सुटते ती साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून सपाट असेल तर सरकत नाही, त्याहून उभं असेल तर बर्फ साचायच्या आतच गळून पडतो. घोळ असा की स्कीला मजा येते तीही याच उतारावर.

पश्चिम कॅनडात त्या नोव्हेंबरचा थर संपूर्ण हिवाळाभर गाडलेला राहिला. वरून पाहणाऱ्याला तो दिसत नव्हता. बर्फात खड्डा खणून थर तपासणाऱ्यांना तो माहीत होता, आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं होतं.

12 दिवस आधी

20 जानेवारी. याच सेल्कर्क रांगेत, ड्युरांड हिमनदीच्या भागात, ला त्राव्हियाता नावाच्या उतारावर स्की-टूरिंगचा एक गट चढत होता. गट अनुभवी, गाइड बरोबर. लादी सुटली आणि 7 जण मेले. त्यांत स्नोबोर्डिंगचा जगज्जेता क्रेग केली होता.

आता मागे वळून पाहणारा कुणीही विचारेल, एवढं झाल्यावर बारा दिवसांनी मुलांना घेऊन कशाला जायचं? हा प्रश्न मला फार सोपा वाटतो. मागून विचारलेले प्रश्न सोपेच असतात. ला त्राव्हियाताचा गट तीव्र उताराच्या अंगावर चढत होता. शाळेच्या गटाने निवडली ती दरीच्या तळातून जाणारी, रुळलेली, हिवाळाभर शेकडो लोक वापरत असलेली वाट. उतारावर पाय ठेवायचाच नाही, हा त्यांचा सावधपणा होता. शाळा कॅलगरीच्या दक्षिणेला ओकोटोक्सजवळची, स्ट्रॅथकोना-ट्वीड्सम्यूर. तिथे मैदानी शिक्षण हा अभ्यासाचाच भाग होता. मुलांना आधी हिमलोटांविषयी शिकवलं होतं, शोधयंत्रांचा सराव करून घेतला होता. हौस आली आणि निघाले, असं इथे घडलेलं नाही. म्हणूनच ही हकीकत नवशिक्याने नीट वाचावी अशी आहे.

शुक्रवार, 31 जानेवारी, संध्याकाळ

मुक्काम व्हीलर हटमध्ये, अल्पाइन क्लब ऑफ कॅनडाच्या लाकडी झोपडीत. बाहेर बर्फ, आत ओले मोजे वाळत घातलेले. डोंगरातल्या कुठल्याही मुक्कामाला असतो तोच वास असणार.

ज्यांनी स्की टूरिंग पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. आपण चित्रपटात पाहतो तो स्कीचा खेळ म्हणजे पाळण्यात बसून वर जायचं आणि घसरत खाली यायचं. टूरिंगमध्ये पाळणा नाही, वर जायचं ते आपल्या पायांनी. स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखरच सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. तिची लव एका दिशेने सरकते, उलट दिशेने धरून ठेवते. मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवून पाहा, तेच तत्त्व. टूरिंगच्या बायंडिंगमध्ये बुटाची टाच मोकळी राहते, त्यामुळे चालता येतं. वर पोचलं की स्किन सोलून पिशवीत टाकायची, टाच अडकवायची, आणि खाली.

कमाई तीन तासांची आणि खर्च दहा मिनिटांत, असा हा उफराटा व्यवहार. पण ज्याला सह्याद्रीत पहाटेच्या अंधारात चढायची चटक लागली आहे, त्याला तो समजावून सांगावा लागत नाही.

याशिवाय तीन वस्तू प्रत्येकाच्या अंगावर असाव्याच लागतात. 457 किलोहर्ट्झवर संकेत पाठवणारं ट्रान्सीव्हर, बर्फात खुपसून माणूस चाचपायची लांब घडीची काठी म्हणजे प्रोब, आणि फावडं. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं नव्हे. नवशिक्यांच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळ जातो तो या तीन वस्तूंवर. ते बरोबरही आहे. फक्त एक गोष्ट नजरेआड होते. या तिन्ही वस्तू लोट येऊन गेल्यानंतर कामाला येतात. लोट टाळायला त्यांचा उपयोग शून्य.

शनिवार, सकाळी 6:00

खिंडीत अजून अंधार. हजारो किलोमीटर दक्षिणेला, टेक्सासच्या आकाशात, कोलंबिया अंतराळयान पृथ्वीकडे परतताना फुटलं. भारतात तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आपल्यापैकी ज्यांना तो शनिवार आठवतो त्यांना तो कल्पना चावलासाठी आठवतो. यानात सातजण होते.

त्या एका दिवसाच्या बातम्यांत सात हा आकडा दोनदा येणार होता. आपल्यापर्यंत त्यातला एकच पोचला.

सकाळी 8:00 च्या सुमारास

डोंगरात जायच्या दिवशी सकाळी पहिलं काम म्हणजे हिमलोटाचं बुलेटिन वाचणं. त्या शिक्षकांनीही ते पाहिलं होतं. त्या दिवशी वरच्या उघड्या भागात आणि झाडांच्या सीमेवर धोका ‘कन्सिडरेबल’, झाडांच्या खाली ‘मॉडरेट’ असा होता.

हा शब्द जरा उलगडून पाहायला हवा. धोक्याच्या पाच पायऱ्या असतात: लो, मॉडरेट, कन्सिडरेबल, हाय, एक्स्ट्रीम. कन्सिडरेबल बरोबर मधली. पाचांतली तिसरी म्हटलं की मनात आपोआप ‘मध्यम’ उमटतं. शाळेत मिळालेला मधला शेरा. फार चांगला नाही, पण नापास तर नाहीच. प्रत्यक्षात त्या पायरीचा अर्थ असा आहे: माणसाच्या वजनाने लोट सुटण्याची बऱ्यापैकी शक्यता, आणि कुणी हात न लावता आपोआप सुटण्याचीही शक्यता. हाय आणि एक्स्ट्रीमच्या दिवशी शहाणे लोक घरी बसतात. म्हणून स्कीवाले सगळ्यात जास्त मरतात ते या मधल्या पायरीवर. मराठीत याला शब्द शोधायचा तर ‘मध्यम’ चालणार नाही. ‘चांगलाच’ हा शब्द जवळचा आहे. चांगलाच ताप आहे, असं आई म्हणते तेव्हा मूल शाळेत जात नाही.

आणखी एक गोष्ट. बुलेटिन असतं ते अख्ख्या प्रदेशाचं. कुठल्या वाटेच्या डोक्यावर कुठला उतार लटकलाय, हे ते सांगत नाही. त्या काळी ते सांगणारा दुसरा कागदही नव्हता.

सकाळी 9:00 च्या सुमारास

निघायच्या जागी सगळे गट जे करतात ते असं. एकजण ट्रान्सीव्हर ऐकण्यावर ठेवून उभा राहतो, बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. प्रत्येकाच्या छातीवरचं यंत्र टिकटिक वाजलं की पुढे. सतरा माणसं म्हणजे सतरा टिकटिका. कुणाचा तरी बूट चावत असतो, कुणाची स्किन नीट चिकटलेली नसते, कुणीतरी हातमोजे काढून बसलेला असतो. मोठ्या गटाचा अर्धा-पाऊण तास यात सहज जातो.

उशिराचं नंतर कुणी बोलत नाही. मी मात्र कुठल्याही डोंगरी अपघाताचा वृत्तान्त वाचताना या अर्ध्या-पाऊण तासापाशी अडखळतो. दहा मिनिटं आधी निघाले असते तर, वीस मिनिटं उशिरा निघाले असते तर. या विचाराला अंत नाही आणि त्यातून शिकण्यासारखंही काही नाही. डोंगर कुणाची वेळ बघून सुटत नाही.

सकाळी 10:00 नंतर

वाट कॉनॉट ओढ्याच्या काठाने पश्चिमेला बालू पासकडे जाते. आजूबाजूची शिखरं अर्सस मेजर, अर्सस मायनर, ग्रिझली. सगळी नावं अस्वलांची, आणि बालू म्हणजे आपला भालूच. डाव्या हाताला चीऑप्सची उत्तरेकडची बाजू, 2,581 मीटरपर्यंत वर गेलेली. तळाशी फर आणि स्प्रूसची दाट झाडी. झाडीत वारा लागत नाही, चढ हलका. नवशिक्याला हायसं वाटावं अशी वाट.

पण झाडी सलग नाही. मध्येच ती संपते आणि एक पांढरा पट्टा लागतो, वरून खाली सोडलेल्या गालिच्यासारखा. तो ओलांडला की पुन्हा झाडं. या पट्ट्यात मोठं झाड नसतं. असतात ती मनगटाएवढ्या खोडाची, उताराच्या दिशेने वाकलेली झुडपं, हिवाळ्यात बर्फाखाली झोपलेली. कडेच्या मोठ्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या. ही हिमलोटाची वाट. तिथे झाड वाढत नाही, कारण वाढू दिलं जात नाही. झाडांचं वय पाहून जाणकार सांगतात की इथे किती वर्षांनी मोठा लोट येतो. वीस वर्षांची झाडं असतील तर गेल्या वीस वर्षांत आला नाही. एवढंच. उद्या येणार नाही, असं त्यात काही नाही.

अशा पट्ट्याचं माथ्याचं टोक दरीतून दिसत नाही. बर्फ साचतो ती जागा हजारभर मीटर वर, एका वाकणाआड असते. खाली उभा असलेल्या माणसाला दिसते फक्त मोकळी, सपाट, उन्हाची जागा. डबा खायला बसावं अशी.

आपल्याकडे पावसाळी ट्रेकला हीच चूक होते. घळीच्या तोंडाशी मोकळी जागा सापडली की आपण सॅक टेकवतो. ती जागा मोकळी का आहे, हे कुणी विचारत नाही.

सकाळी 11:00 नंतर

त्याच वाटेने दोन व्यावसायिक पर्वतगाइड चालले होते. त्यांनी शाळेच्या गटाला मागे टाकलं आणि पुढे समोरच्या उतारावर चढायला लागले.

इथे जरा हिशेब मांडू. दोन्ही गट त्याच दरीत, त्याच बर्फावर, त्याच बुलेटिनखाली होते. धोका सारखा होता का? लोट सुटण्याची शक्यता दोघांसाठी सारखीच. पण दोन माणसं चिंचोळा पट्टा मिनिटभरात ओलांडतात. सतरा माणसांची रांग तिथे किती तरी जास्त वेळ असते, आणि ती रांगही शिकाऊ मुलांची, अडखळणारी, थांबणारी. दोन गाइडांनी आपला धोका स्वतः जोखला आणि पत्करला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी तो दुसऱ्या कुणीतरी जोखला होता. मुलांना अंतर ठेवून चालायला सांगितलं होतं आणि ती तशी चालली होती. एका पट्ट्याच्या रुंदीला ते अंतर पुरलंही असतं.

11:45

वर चीऑप्सवर लादी सुटली. कुणी तिच्यावर पाय ठेवला नव्हता. आपोआप सुटली.

गाइडांनी वरून ती पाहिली आणि ओरडून इशारा दिला. दरीतल्या मुलांना वर पाहायला जेमतेम सेकंद मिळाले. अशा लोटाच्या पुढे पावडर-बर्फाचा ढग धावतो आणि मागून जड भाग येतो. कॅनडात हिमलोट एक ते पाचच्या मापाने मोजतात. तीनचा लोट मोटारगाडी गाडतो, लहानसं घर मोडतो. चारचा रेल्वेचा डबा उडवतो. हा साडेतीनचा होता. तो पूर्ण दरी ओलांडून गेला आणि सतराच्या सतरा जणांपर्यंत पोचला.

भारतात रात्रीचा सव्वा वाजला होता.

11:46

लोट थांबतो तेव्हा शांतता होते, असं त्यातून वाचलेले अनेकजण सांगतात. थांबला की त्याच क्षणी तो घट्ट होतो. धावताना पाण्यासारखा असलेला बर्फ थांबल्यावर ओल्या काँक्रीटसारखा बसतो. आतल्या माणसाला बोट हलवता येत नाही. वर कुठे आणि खाली कुठे हेही कळत नाही.

दोन्ही गाइड स्कीवरून खाली आले. काही मिनिटांत ते ढिगाऱ्यावर होते. ज्यांचं डोकं किंवा हात वर दिसत होता त्यांना आधी मोकळं केलं. पहिल्यांत शिक्षक होते. मग बाहेर आलेल्यांनी फावडी हातात घेतली. शाळेच्या गटाकडे सॅटेलाइट फोन होता, त्यावरून मदत मागितली गेली.

12:00

पहिली पंधरा मिनिटं संपली. स्वित्झर्लंडमधल्या शेकडो अपघातांवरून 1994 मध्ये जो आलेख काढला गेला, त्यात पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पंधरा मिनिटांच्या आत काढलं तर जगण्याची शक्यता दहांत नऊ. पस्तीस मिनिटांनंतर ती दहांत तीनवर येते. पुढे 2011 मध्ये कॅनडातल्या अपघातांचा अभ्यास झाला, तेव्हा तिथला आलेख त्याहून लवकर घसरतो असं दिसलं. तिथला बर्फ जास्त घट्ट बसतो, श्वासाला जागा उरत नाही. शिवाय तिथे झाडं जास्त, आणि वाहून जाताना झाडावर आपटून लागणारा मारही जास्त.

मीटरभर खोल गेलेल्या एका माणसाला काढायला टनभर किंवा त्याहून जास्त बर्फ उपसावा लागतो. एकाला काढताना दुसऱ्याचं घड्याळ थांबत नाही. ट्रान्सीव्हर खाली कोण आहे ते सांगत नाही, फक्त टिकटिक जवळ आली की दूर गेली एवढं सांगतं. आणि एकाच जागी अनेक यंत्रं वाजत असली तर त्या काळच्या साध्या उपकरणात ती एकमेकांत मिसळत. त्या दिवशी ढिगाऱ्यावर असलेल्या माणसांनी जे केलं ते थक्क करणारं होतं. ते दोन गाइड तिथे नसते तर आकडा आणखी वाढला असता, याबद्दल फारसं दुमत नाही. पण मदतीला कितीही चांगली माणसं असली तरी सतराला भागून वेळ उरत नाही.

12:20 आणि पुढे

पार्क्स कॅनडाची बचाव पथकं आणि हेलिकॉप्टर आले.  सात मुलं वाचली नाहीत. सहा मुलगे, एक मुलगी.

पथकं नेहमीसारखी, ठरल्याप्रमाणे, वेगाने आली. हेही लिहायला हवं, कारण ‘मदत वेळेवर आली नाही’ हे वाक्य आपल्या बातम्यांत इतकं सवयीचं आहे की ते आपोआप लिहिलं जातं. मदत वेळेवर आली. वेळच पंधरा मिनिटांची होती.

नंतरचे महिने

त्या हिवाळ्यात कॅनडात हिमलोटांनी 29 माणसं मारली. दोन अपघातांतच चौदा. आधी राग आला, मग चौकशा झाल्या. शाळेने आपल्या कार्यक्रमाचं परीक्षण बाहेरच्या तज्ज्ञाकडून करून घेतलं, पार्क्स कॅनडाने आपलं वेगळं केलं. या चौकशांत मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी दोषी कोण यावर खिळून न राहता विचारलेलं एक भलतंच साधं कोडं: एखाद्या नवशिक्याला किंवा शिक्षकाला, बर्फाचं काहीही न कळता, ही वाट कशी आहे ते एका शब्दात सांगता येईल का?

2004 मध्ये त्याचं उत्तर निघालं. डोंगरातल्या प्रत्येक वाटेला तिच्या रचनेवरून तीनपैकी एक नाव द्यायचं. सिंपल म्हणजे सपाट किंवा झाडीतली, वर फारसं काही न लटकलेली. चॅलेंजिंग म्हणजे लोटांच्या वाटा आहेत, पण त्या टाळत जाता येतं. कॉम्प्लेक्स म्हणजे एकावर एक उतार, एकात एक मिसळलेल्या वाटा, टाळायला जागा नाही. कुठला बर्फ पडला, काल ऊन होतं की नाही, याच्याशी या नावांचा संबंध नाही. बुलेटिन रोज बदलतं, हा शेरा बदलत नाही. त्याच वर्षी देशभराच्या इशाऱ्यांसाठी कॅनेडियन अव्हेलांच सेंटर उभं राहिलं. नंतर बुलेटिनची पायरी एका बाजूला आणि वाटेचं नाव दुसऱ्या बाजूला मांडून एक तक्ता झाला. रेघा जिथे मिळतात तो चौकोन हिरवा, पिवळा की लाल, ते नवशिक्याने पाहायचं.

आणि एक नियम झाला. अल्पवयीन मुलांच्या, पालकांनी दुसऱ्याच्या हवाली केलेल्या गटांना राष्ट्रीय उद्यानांमध्ये कॉम्प्लेक्स वाटेवर हिवाळ्यात बंदी. चॅलेंजिंग वाटेवर जायचं तर प्रमाणित गाइडशिवाय नाही.

तक्त्याच्या बाजूने बोलायला मला आवडतं, कारण तो क्रम उलटा करतो. नवशिका आधी बर्फ वाचायला शिकतो: कण, थर, खड्डे, चाचण्या. ते सुंदर शास्त्र आहे आणि त्यात आयुष्य जातं. खरं तर पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, घरी टेबलावर नकाशा पसरून करायचं काम वेगळं आहे. आपल्या वाटेवर बोट ठेवायचं आणि तिथून वर, समोच्च रेषांवरून सरळ, माथ्यापर्यंत न्यायचं. मग बोट दरीपलीकडे नेऊन तेच पुन्हा करायचं. 1910 मधल्या मजुरांना मारणारा लोट समोरच्याच बाजूने आला होता. या कामाला बर्फाचं ज्ञान लागत नाही, स्की लागत नाही, थंडीही लागत नाही.

गुलमर्ग

मराठी माणूस स्की शिकायला जातो तो बहुधा सोलंगला किंवा गुलमर्गला. टूरिंगची पहिली इच्छाही तिथेच होते, तयार केलेल्या पट्ट्यावर आठवडाभर पडून-उठून झाल्यावर, समोरच्या कोऱ्या बर्फाकडे बघताना. 1 फेब्रुवारी 2023 रोजी गुलमर्गच्या अफरवत डोंगरावर हिमलोटात पोलंडचे दोन स्कीवाले मेले, 19 जणांना वाचवण्यात आलं.

तिथे एक गोष्ट रॉजर्स पासहून वेगळी आहे. चालत चढताना माणूस तासाभरात चार वेळा थांबतो, वर पाहतो, झाडं पाहतो, वारा कुठून आहे ते पाहतो. गुलमर्गचा गोंडोला दुसऱ्या टप्प्यात 3,980 मीटरवर पोचवतो. काचेच्या डब्यात गप्पा चालू असतात, कुणीतरी फोनवर चित्रफीत काढत असतं. थांबायचे ते तास घड्याळातून गाळले जातात. दार उघडतं, गार वारा तोंडावर येतो. समोर खाली मोकळा उतार, आणि पाठीमागे, वर माथ्यापर्यंत, अजून उतार.